नाशिकमध्ये तुमचा पगार पुरतो का? हप्ते आणि राहणी धरून हिशोब असा मांडा

"नाशिकला चाळीस हजार म्हणजे चांगलाच पगार ना?" स्थळ बघताना, फ्लॅटचं बुकिंग करताना, नोकरी बदलताना हा प्रश्न हमखास येतो. अंबडच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला दोघं जण आहेत असं समजा. दोघांचा पगार सारखाच. एक सिडकोच्या सहाव्या योजनेत वडिलांच्या घरात राहतो, दुसऱ्याने पाथर्डी फाट्याला कर्ज काढून फ्लॅट घेतलाय. पहिल्याचं उत्तर "हो" आणि दुसऱ्याचं "नाही", आणि दोघंही खरं बोलतायत. म्हणून नुसता आकडा सांगून कुणाला पगाराबद्दल मत विचारू नका. ते मत स्वतःच काढायचं असतं. त्यासाठी बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, एक वही आणि रविवारची सकाळ एवढं पुरतं.

पहिली पायरी: हातात नेमके किती येतात

ऑफर लेटरवरचा आकडा बाजूला ठेवा. वर्षाला ६ लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला ५०,००० असं घरात सांगून टाकलेलं असतं, तिथेच पहिली गडबड होते. एक नमुना मांडून बघू. बेसिक २५,००० आहे. कंपनीने भरायचा पीएफ १२ टक्क्यांनी ३,०००, ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे सुमारे १,२००, ग्रुप मेडिक्लेमचे ५०० आणि वर्षाअखेरीस "कामगिरीनुसार" मिळणारे ३,००० हे सगळं त्या पन्नास हजारांतच धरलेलं असतं. उरले ४२,३००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,०००, व्यवसाय कर २०० आणि कॅन्टीन-बसचे ६०० गेले, की खात्यात ३८,५०० जमा होतात. हिशोब इथून सुरू करायचा.

व्यवसाय कर महाराष्ट्रात वर्षाला २,५०० असतो, म्हणून फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापले जातात. २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही. एकूण पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसीचे (कामगार विमा) ०.७५ टक्के जातात, पण त्या बदल्यात कुटुंबाच्या उपचाराची सोय असते, तेव्हा त्या कपातीबद्दल कुरकुर करू नका. आयकराची धास्ती मात्र आता बऱ्याच जणांनी सोडायला हरकत नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत कर भरावा लागत नाही.

पीएफ हातात येत नसला तरी तो गेलेला पैसा नाही. वरच्या नमुन्यात तुमचे ३,००० आणि कंपनीचे ३,००० जातात. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत वळतात आणि बाकी ४,७५० तुमच्या नावावर साठतात. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ भरतात, काही फक्त १५,००० वर, म्हणजे १,८००. दोन ऑफर समोर असतील तर हे विचारूनच घ्या.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांतल्या लोकांना एक जास्तीची सूचना. ओव्हरटाइम धरून पगार सांगू नका. ऑर्डर भरपूर असतात तेव्हा ओटीचे सात-आठ हजार सहज येतात, आणि कंपनीने शनिवार बंद केला की ते पहिल्यांदा जातात. वर्षभराच्या स्टेटमेंटमधले सगळ्यात कमी तीन पगार घ्या, त्यांची सरासरी काढा आणि तोच तुमचा पगार माना. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर ब्रेकचे महिनेही शून्य म्हणून धरा. पर्मनंट कामगारांच्या बाबतीत पगारवाढीचा करार झाला की मागचा फरक एकरकमी मिळतो. तो फरक पगार नव्हे. त्याच्या जोरावर गाडी बुक करणारे कमी नाहीत, आणि डाउन पेमेंट फरकातून गेलं तरी पुढची सात वर्षं हप्ता पगारातूनच जातो.

दुसरी पायरी: देणी लिहा, लपलेलीसुद्धा

बँकेचे हप्ते सगळ्यांना तोंडपाठ असतात. वहीत राहून जातात ती बाकीची देणी.

कंपनीतल्या पतपेढीचं कर्ज पगारातूनच कापलं जातं, म्हणून ते देणं वाटतच नाही. स्लिपवर "सोसायटी" नावाखाली किती जातात ते बघा आणि ती रक्कम आधी पगारात परत मिळवून मग देण्यात लिहा, नाहीतर पगार खरा किती हेच कळणार नाही. मोबाइल, फ्रिज, एसीचे हप्ते छोटे वाटतात, पण तीन मिळून चार हजार होतात. उचललेली भिशी हेही कर्जच. आधी उचलली असेल तर उरलेले सगळे हप्ते देण्यात धरा. सोनं तारण ठेवलं असेल तर दर महिन्याला काही भरत नाही म्हणून विसरू नका, व्याज चढत असतं आणि मुदत संपली की दागिन्यांच्या लिलावाची नोटीस येते. मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने कागदावर कुठेच नसतात. ते लिहा, आणि कधी द्यायचे तेही लिहा.

सहकाऱ्याला पतसंस्थेत जामीन राहिला असाल तर ते वेगळ्या ओळीत नोंदवा. त्याने हप्ते थकवले तर सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली कारवाईत जामीनदारही सापडतो आणि वसुली तुमच्या पगारापर्यंत येऊ शकते. आपल्याकडे "नुसती सही तर करायचीय" असं म्हणत चहा पाजला जातो. माझं मत कडक आहे: जितके पैसे तुम्ही त्याला हसत बुडीत देऊ शकता, तितक्याच रकमेला जामीन राहा.

आता सगळ्यात मोठं देणं, घर. ३८,५०० हातात येणाऱ्याला बँक साधारण निम्म्या पगाराएवढा हप्ता मान्य करते. २२ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत घेतली तर हप्ता सुमारे १९,१०० बसतो. वीस वर्षांत मिळून जवळपास ४६ लाख भरले जातात. बँकेने मंजूर केलं म्हणजे परवडतं, असा अर्थ काढू नका. बँकेने फक्त स्वतःचे पैसे परत येतील का एवढंच तपासलेलं असतं. मुलीची फी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हे तिच्या फॉर्ममध्ये नसतं.

दुसरी गोष्ट व्याजदराची. घरकर्ज बहुतेक वेळा बदलत्या दराचं असतं. दर साडेआठवरून साडेनऊ झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर हेच वीस वर्षांचं कर्ज पावणेसव्वीस वर्षांच्या आसपास जातं. बँका अनेकदा हप्ता न वाढवता मुदत वाढवतात, त्यामुळे खिशाला काही जाणवत नाही. वर्षातून एकदा कर्जखात्याचं स्टेटमेंट काढून किती हप्ते उरले ते मोजा. तुमच्या मोजणीपेक्षा जास्त निघाले तर शाखेत जाऊन हप्ता वाढवून मुदत पूर्ववत करायला सांगा.

"पण घरकर्जाने टॅक्स वाचतो" हा बिल्डरच्या ऑफिसातला आवडता मुद्दा. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर सवलत नाही, आणि आपल्या नमुन्यातल्या पगाराला तसाही कर शून्यच आहे. घर घ्यायचं तर राहायला हवं म्हणून घ्या.

सगळी देणी बेरीज करून पगाराने भागा. तीसच्या आत टक्के आले तर ठीक. तीस ते चाळीस म्हणजे नवं काही घ्यायचं नाही. पन्नासच्या वर गेले की पगार कितीही असो, त्याला चांगला म्हणता येणार नाही. ही पट्टी माझी आहे, कुठल्या नियमातली नाही. पण दवाखान्याचा एक खर्च आल्यावर कोण सावरतो आणि कोण क्रेडिट कार्ड काढतो, ते बघत बघतच ती बनली आहे.

पाथर्डी फाट्याच्या गृहस्थांचं गणित असं: घर १९,१००, दुचाकीचं एक लाखाचं कर्ज तीन वर्षांचं, त्याचे ३,३००, पतपेढीचे २,५०० (स्लिपवरची ही कपात पगारात परत मिळवल्यावर त्यांचा आकडाही ३८,५०० येतो असं धरू). एकूण २४,९००, म्हणजे जवळपास ६५ टक्के. उरले १३,६००. अजून किराणा यायचाय.

तिसरी पायरी: गावाकडची ओळ

नाशिक शहरातल्या कितीतरी पगारांची मुळं निफाड, दिंडोरी, चांदवड, कळवणला असतात. शेत आहे म्हणजे आधार आहे, असं बाहेरचे समजतात. प्रत्यक्षात कांद्याचा भाव पडला किंवा द्राक्षाच्या घडांवर अवकाळी आला, की पैशांचा ओघ शहरातून गावाकडे फिरतो. मागच्या तीन वर्षांत गावी किती पाठवले आणि गावाहून किती आले, याची वजाबाकी करा आणि छत्तीसने भागा. आकडा अधिक निघो वा उणे, तो महिन्याच्या हिशोबात घ्या. गहू, तांदूळ, डाळ घरून येत असेल तर तेही उत्पन्नच आहे, त्याची किंमत धरा.

मार्च महिना वेगळा लक्षात ठेवा. ३१ मार्चच्या आत पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून नवं उचलणं) करायला भावाला एकदम रक्कम लागते आणि ती नोकरीवाल्याकडून उसनी मागितली जाते. मुदतीत फेड केली तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं, म्हणून ही मदत शहाणपणाचीच आहे. फक्त ती अचानक आली असं दर मार्चला वाटू देऊ नका. एप्रिलपासून त्यासाठी वेगळी आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, लावा.

चौथी पायरी: राहण्याचा खर्च

कामाचं ठिकाण आणि घर यांच्यातलं अंतर भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे. म्हसरूळ किंवा आडगावला भाडं कमी पडलं म्हणून घर घेतलं आणि नोकरी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत, तर बचत पेट्रोलमध्ये जाते. रोज येऊन-जाऊन ५० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, दुचाकीचं अ‍ॅव्हरेज ५० आणि पेट्रोल लिटरला १०५ धरलं, तर २,७०० रुपये नुसते टाकीत ओतावे लागतात. टायर, सर्व्हिसिंग, पावसाळ्यातले खड्डे आणि रोजचा दीड तास वेगळाच. कंपनीची बस मिळत असेल तर तिच्या थांब्याजवळ थोडं जास्त भाडं देऊन राहणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. शहरातल्या शहरात सिटीलिंकची बस जिथे सोयीची आहे तिथे पासची किंमत विचारून बघा. दुसरी गाडी घेण्याचा विचार निदान पुढे ढकलला जाईल.

महिन्याचे खर्च लिहिणं सोपं: भाडं किंवा सोसायटीचा मेंटेनन्स, महावितरणचं बिल, गॅस, किराणा, दूध-भाजी, फी, औषधं, रिचार्ज. हिशोब बिघडवतात ते वर्षातून एकदाच येणारे खर्च. जूनमधली शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश. गाडीचा विमा, टर्म इन्शुरन्स आणि मेडिक्लेमचे हप्ते. घरपट्टी. दिवाळी. मे महिन्यातली लग्नं आणि त्यातले आहेर. हे सगळे एका यादीत लिहा, बेरीज करा आणि बाराने भागा. बहुतेक घरांत हा आकडा महिना चार-पाच हजारांपुढे जातो, आणि तो धरलेलाच नसल्यामुळे "जूनमध्ये नेहमीच ओढाताण होते" असं म्हणावं लागतं. जून तर दरवर्षीच येतो.

भाड्याने राहणाऱ्यांनी करार ११ महिन्यांचा असतो हे विसरू नये. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. पंचवटी आणि तपोवनाच्या बाजूला घर असेल तर त्या सुमारास मालक भाडेवाढ मागणार, असं धरूनच चाला.

पाचवी पायरी: राहणी

इथे भाषण देणार नाही. रविवारची मिसळ, गंगापूर रोडवरचं जेवण, पावसाळ्यात त्र्यंबककडे चक्कर हे नसेल तर नाशिकला राहायचं कशाला? फक्त यूपीआयचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट उघडा आणि प्रत्येक खर्चापुढे एकच खूण करा: पुढच्याच महिन्यात हा बंद करता येईल का?

हॉटेलिंग बंद करता येतं. ओटीटी बंद करता येतं. मुलाची महागडी शाळा मधूनच बंद करता येत नाही. चारचाकी विकली तर कर्ज आणि किंमत यांच्यातला फरक खिशातून भरावा लागू शकतो. क्लब, जिम, क्लासची वर्षाची फी भरून झालेली असते. म्हणून महिना पाच हजारांची मिसळ-पिक्चरची चैन मला पाच हजारांच्या हप्त्यापेक्षा कमी धोक्याची वाटते. अडचण आली की पहिली आपोआप थांबते, दुसरा थांबत नाही. लोक नेमकं उलटं करतात: चहावर भांडतात आणि ८ लाखांचं कारकर्ज सात वर्षांसाठी घेतात. साडेनऊ टक्क्यांनी त्याचा हप्ता १३,००० च्या वर जातो, आणि कार कंपनीच्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी.

सहावी पायरी: निकाल

पगारातून देणी, गावाकडची ओळ, महिन्याचे खर्च, वार्षिक खर्चाचा बारावा हिस्सा आणि राहणी वजा करा. उरलेली रक्कम पगाराच्या किती टक्के आहे ते काढा.

वीस टक्क्यांहून जास्त उरत असेल तर पगार चांगला आहे, मग तो २८,००० असो. दहा ते वीस म्हणजे चालतंय, पण पुढची पगारवाढ नव्या हप्त्यात घालू नका. शून्य ते दहा म्हणजे एक दवाखाना तुम्हाला कर्जात नेईल. उणे आलं तर तुम्ही आधीच कार्डावर किंवा उसनवारीवर जगताय, फक्त ते मान्य केलेलं नाही.

सिडकोतल्या गृहस्थांचं असं बसतं: दुचाकीचे ३,३००, घरात देतात ते १०,०००, स्वतःचा, बायकोचा आणि वार्षिक धरून सगळा खर्च १५,०००. उरले १०,२००, म्हणजे २६ टक्के. तेच ३८,५००.

आणखी एक मोजणी करा. उद्या नोकरी थांबली तर शिल्लक किती महिने पुरेल? हप्ते धरून मोजा, कारण बँक थांबत नाही. निदान सहा महिने हवेत, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना जास्त. हा पैसा जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत ठेवू नका. बँकांतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे, तो पतसंस्थेतल्या ठेवीला लागू नाही. हे माहीत नसल्याने पोळलेली घरं आपल्या जिल्ह्यात शोधायला लांब जावं लागत नाही.

निकाल वाईट आला तर

आधी क्रेडिट कार्ड. थकीत रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असतं. ६०,००० थकले तर महिन्याला २,१०० नुसतं व्याज, आणि किमान रक्कम भरत राहिलं तर मुद्दल हलत नाही. घरात सोनं असेल तर ते तारण ठेवून कार्ड फेडणं हा कमीपणा नाही, कारण बँकेतलं सोनेतारण त्याच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळतं. अट एकच, कार्ड त्याच दिवशी बंद करायचं. त्यानंतर पर्सनल लोन आणि पतपेढी. घरकर्ज सगळ्यात शेवटी. बदलत्या दराच्या घरकर्जाची काही रक्कम आधी भरली तर बँक दंड घेऊ शकत नाही, म्हणून बोनसमधून वर्षाला एक जादा हप्ता भरा. वरच्या २२ लाखांच्या कर्जात त्याने तीन वर्षांहून जास्त मुदत कमी होते.

पाथर्डी फाट्याच्या गृहस्थांना याने लगेच श्वास घेता येणार नाही. त्यांच्यापुढे खरे दोनच मार्ग आहेत: घरात दुसरा पगार आणणं, किंवा फ्लॅट भाड्याने देऊन काही वर्षं आईवडिलांकडे राहणं. दुसऱ्याची लाज वाटते, पण व्याज लाज बघून थांबत नाही.

पुण्याची ऑफर आली तर

समजा पुण्यात हातात ५२,००० मिळतायत. नाशिकपेक्षा १३,५०० जास्त. सिडकोत वडिलांकडे राहणाऱ्याला तिथे १५,००० चं घर भाड्याने घ्यावं लागलं, तर तो पहिल्या महिन्यापासून तोट्यात आहे, डिपॉझिट आणि घरी येण्याजाण्याचा खर्च बाजूलाच. जो आज नाशिकमध्ये ९,००० भाडं देतोय, त्याचं भाडं फक्त ६,००० ने वाढतं, म्हणजे साडेसात हजार हातात राहतात आणि पुढच्या संधी वेगळ्या. पहिल्यानेही जावं, जर कामातून शिकायला मिळणार असेल आणि तीन वर्षांनी पगार दुप्पट होण्याची शक्यता खरी असेल. "पुण्यात पॅकेज मोठं" एवढ्यावरून जाऊ नये.

हा हिशोब वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये करा. शिवाय करार झाला, मूल शाळेत गेलं, कर्ज संपलं की पुन्हा करा. कर्जाचा शेवटचा हप्ता गेला की त्याच आठवड्यात बँकेत जाऊन तेवढ्याच रकमेची आरडी त्याच तारखेला लावा. खात्याला त्या कपातीची सवय असते आणि घरात अजून कुणाला ते पैसे मोकळे झाल्याचं कळलेलं नसतं.